नावनोंदणी झाली, ग्रंथालयाचे काय?

सप्टेंबर महिना जवळ आला की ब्रिटनमधील आपल्या घराघरांत भारतातून निरोप येऊ लागतात. कुणाच्या मामेभावाचा, कुणाच्या जुन्या वर्गमित्राचा, कधी गावच्या विहारातील एखाद्या कार्यकर्त्याचा. मुलाला अमुक विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे, तमुक तारखेला विमान उतरेल, आपले माणूस म्हणून लक्ष असू द्यावे. आपण लक्ष देतो. विमानतळावर गाडी घेऊन जातो, पहिले चार दिवस घरी ठेवून घेतो, कुकर देतो, रजई देतो, भाड्याच्या खोलीसाठी शब्द टाकतो. मूठभर बौद्ध कुटुंबांनी परक्या मुलखात ही रीत इतकी वर्षे जपली याचा मला अभिमान वाटतो. परंतु हेही नमूद केले पाहिजे की, आपली ही मदत ज्या ठिकाणी थांबते, नेमकी तेथूनच विद्यार्थ्याची खरी अडचण सुरू होते. ते ठिकाण म्हणजे विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा दरवाजा. तेथवर त्याला सोबत करण्याचे आपण आजवर मनावर घेतलेले नाही. ते घेतले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नावनोंदणीची बाब तुलनेने सोपी. पारपत्र, व्हिसा, मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र घेऊन ठरलेल्या मुदतीत विद्यापीठात हजर व्हावे लागते. मुदत टळली तर विद्यापीठाला गृहखात्यास कळवावे लागते आणि मग प्रकरण व्हिसापर्यंत जाते. म्हणून याबाबतीत ‘बघू उद्या’ चालत नाही. जी.पी.कडे नाव नोंदविण्याचे कामही त्याच आठवड्यात उरकावे. विद्यार्थ्यांवरील आरोग्य अधिभार फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्षाला ७७६ पौंड करण्यात आला. व्हिसाच्या अर्जाबरोबरच हे पैसे भरलेले असतात, तरीही आपली मुले दुखणे अंगावर काढतात. डॉक्टर म्हणून एवढेच सांगतो आणि पुढे जातो.

नावनोंदणी पूर्ण झाली की ओळखपत्र हाती पडते. मुले ते गळ्यात घालून छायाचित्र काढतात, गावी पाठवितात, आणि गावाकडे पेढे वाटले जातात. वाटले जावेतच. परंतु तेच ओळखपत्र ग्रंथालयाच्या फाटकाची किल्ली असते, आणि त्या फाटकाच्या आत काय आहे हे मुलांना कुणी सांगितलेले नसते.

‘ग्रंथालयात जातोस का?’ असे मी अशा प्रत्येक विद्यार्थ्याला विचारतो. उत्तर बहुधा एकच येते: ‘हो काका, रोज जातो.’ आरंभी मला या उत्तराने बरे वाटे. पुढे अधिक चौकशी केल्यावर उलगडा झाला. पुण्यात, नागपुरात किंवा लातुरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले ‘लायब्ररी लावली’ असे म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ असतो महिन्याचे पैसे भरून अभ्यासिकेत एक खुर्ची आणि एक दिवा मिळविला. पुस्तके स्वतःची, नोट्स स्वतःच्या. तेथे भाड्याने मिळते ती शांतता. गावातील घर दोन खोल्यांचे, त्यात दूरदर्शन संच, आजारी आजी आणि लहान भावंडे. अशा मुलांना त्या खुर्चीचे मोल किती असते ते मी जाणतो. पण तोच अर्थ मनात घेऊन मूल येथे येते. लाखो ग्रंथांच्या मधोमध एक खुर्ची धरते, आपला संगणक उघडते, प्राध्यापकांनी पडद्यावर दाखविलेल्या टिपणांची उजळणी करते आणि रात्री घरी जाते. कपाटाला हात लागत नाही, ग्रंथपालाशी एक शब्द बोलणे होत नाही. वर्ष संपते. येथील पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा एका वर्षाचा असतो; म्हणजे ही गोष्ट कळेपर्यंत परतीची वेळ आलेली असते.

यात मुलांचा दोष मी मानत नाही. आपल्याकडील महाविद्यालयांतील ग्रंथालये आठवून पाहावीत. कपाटांना कुलपे, मधे जाळीची खिडकी, खिडकीमागे कारकून. चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव लिहून द्यायचे आणि ‘बाहेर गेले आहे’ हे उत्तर ऐकून परतायचे. मी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी ‘बुक बँक’ योजना होती, म्हणून मी डॉक्टर झालो असे म्हटले तरी वावगे ठरू नये. दोघांत पुस्तकांचा एक संच मिळे. शरीरशास्त्राचा ग्रंथ आठवडा माझ्याकडे, आठवडा सहाध्यायाकडे. मात्र तो संच घेण्यासाठी रांगेत उभे राहिले की मागून कुणीतरी ‘फुकटवाले आले’ असे हमखास म्हणे. खिडकीचा आणि अपमानाचा असा संबंध आपल्या किती पिढ्यांच्या मनात जुळला असेल! शाळेचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, जातपडताळणीचे प्रमाणपत्र या प्रत्येक खिडकीपाशी आपण एकच धडा शिकलो: कमी बोलावे, जास्त विचारू नये, काम झाले की निघावे. तोच धडा गिरवीत आपला विद्यार्थी येथील ग्रंथालयात शिरतो. मदतीसाठीच नेमलेली आणि ‘काही हवे आहे का?’ असे स्वतः होऊन विचारणारी व्यक्ती समोर बसलेली असते, आणि हा तिची नजर चुकवून पुढे जातो.

या न विचारण्याची किंमत केवढी असू शकते, याचे एक उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका खेड्यातून सार्वजनिक आरोग्य या विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आलेला एक विद्यार्थी माझ्या घरी आला. तक्रार डोकेदुखीची आणि झोप न येण्याची. तपासून पाहिले, तर शरीरात काही दोष नव्हता. बऱ्याच वेळाने त्याने खिशातून एक पत्र काढले. त्याच्या पहिल्याच निबंधात वाङ्मयचौर्याचा संशय असून चौकशी समितीसमोर हजर व्हावे, असे ते पत्र होते. तीन आठवडे त्याने ते कुणालाही दाखविले नव्हते. आईने दोन एकर रान गहाण ठेवून त्याला पाठविले होते.

त्याने काय केले होते? चार पुस्तकांतील परिच्छेद जसेच्या तसे उतरवून शेवटी त्या चार पुस्तकांची नावे दिली होती. चोरी करणारा माणूस मालकाचे नाव लिहून ठेवीत नाही. या मुलाला आयुष्यभर हेच शिकविले गेले होते की, ग्रंथातील वाक्य बदलू नये, ते पाठ करावे आणि हुबेहूब उतरवावे. तसे करणाऱ्यास गुण मिळतात. ‘एकवीस अपेक्षित’ प्रश्नसंचांवर पोसलेल्या कोणत्याही जातीच्या विद्यार्थ्याला येथे हीच ठेच लागते. फरक इतकाच की, ज्यांचे काका-मामा दोन पिढ्यांपासून विद्यापीठात आहेत त्यांना निघण्यापूर्वीच कुणीतरी सावध करते. आपल्या मुलाला सावध करणारे घरात कुणी नसते, कारण घरातून विद्यापीठापर्यंत पोचलेला तोच पहिला असतो.

समितीने त्याला समज देऊन निबंध पुन्हा लिहिण्याची संधी दिली. त्यानंतर त्याच्या विषयाच्या ग्रंथपाल बाईंनी त्याला वेळ देऊन समोर बसविले. दुसऱ्याचे मत आपल्या शब्दांत कसे मांडावे, अवतरण कोठे द्यावे, संदर्भ कसा लिहावा, शोधनिबंधांच्या सूचीतून हवा तो लेख कसा हुडकावा, हे सारे त्यांनी दाखविले. फार तर पाऊण तास लागला असेल. हा पाऊण तास त्याला ऑक्टोबरमध्येच मिळू शकला असता. पहिल्या आठवड्यात दिलेल्या माहितीपत्रकात त्या बाईंचे नाव आणि पत्ता छापलेला होता. त्याने तो वाचलाही होता. पण आपण उठून त्यांच्याकडे जायचे असते, ही कल्पनाच त्याला शिवली नव्हती.

अशा वेळी मुले दुसऱ्या दारी जातात. पैसे घेऊन निबंध लिहून देणाऱ्यांच्या जाहिराती त्यांच्या भ्रमणध्वनीवर सतत येत असतात. इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने हा धंदा बेकायदेशीर ठरविला, तरी तो संपलेला नाही. आता क्षणार्धात निबंध तयार करून देणाऱ्या संगणकप्रणालीही हाताशी आहेत. त्यांचा वापर कोठवर चालतो याचे नियम प्रत्येक विद्यापीठाचे आपापले असतात आणि ते नियमही ग्रंथालयातच समजावून मिळतात. हा मोह केवळ आळसातून होतो असे नव्हे. ज्याला मदतीचा सरळ मार्ग ठाऊक नाही, तो आडवाटेला लागतो.

आपल्याकडे लंडनला पाहुणे आले की आपण त्यांना १०, किंग हेन्रीज रोड येथे नेतो. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये ज्या घरात राहिले, ते हे घर. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतले. तेथे आपण नतमस्तक होतो, छायाचित्रे काढतो, आणि तसे करणे योग्यच आहे. परंतु त्या घरात बाबासाहेब रात्री पाठ टेकत. त्यांचा दिवस ग्रंथालयांत जाई. ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय, इंडिया ऑफिसचे ग्रंथालय, लंडन विद्यापीठाचे आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे ग्रंथालय ही त्यांची खरी निवासस्थाने. सकाळी दार उघडताच आत जावे, दुपारचे जेवण टाळावे आणि बंद होण्याची घंटा झाली की बाहेर पडावे, असा त्यांचा क्रम चरित्रकारांनी नोंदविला आहे.

त्यांच्या नावनोंदणीचा इतिहासही आपल्या मुलांना सांगण्याजोगा आहे. ऑक्टोबर १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिले होते. १९१७ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. पण परतताना त्यांनी काय केले? चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची विद्यापीठाची परवानगी मिळविली. म्हणजे त्यांनी विचारले. परदेशात, महायुद्धाच्या धामधुमीत, हाती पैसा नसताना, कचेरीत जाऊन आपली अडचण मांडली आणि मार्ग काढून घेतला. पुढे सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातून केलेली बचत, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज एवढ्या बळावर ते १९२० मध्ये मुदतीच्या आत परतले. ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. तो त्यांनी मुंबईहून पुन्हा पाठविला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. पदवी मिळविली. प्राध्यापकाने निबंध परत दिला म्हणून खोलीचे दार लावून बसणाऱ्या आपल्या मुलांना यातला कोणता भाग आपण सांगतो? आपण फक्त पदव्यांची यादी वाचून दाखवितो.

ज्या फॉक्सवेलांना ते पत्र लिहिले गेले, त्यांनी स्वतः जमविलेला अर्थशास्त्रीय ग्रंथांचा प्रचंड संग्रह १९०१ साली गोल्डस्मिथ्स कंपनीने विकत घेतला आणि १९०३ साली लंडन विद्यापीठास दिला. तो ‘गोल्डस्मिथ्स लायब्ररी’ या नावाने आज सेनेट हाऊसमध्ये आहे. ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय १९९७ मध्ये बंद होऊन ब्रिटिश लायब्ररी सेंट पँक्रस येथील नव्या वास्तूत गेली. इंडिया ऑफिसचे ग्रंथालय आणि दप्तर १९८२ मध्येच तिच्या ताब्यात आले होते. तेही आता त्याच वास्तूत पाहावयास मिळते. किंग हेन्रीज रोडपासून हे ठिकाण दोनेक मैलांवर आहे. पाहुण्यांना घर दाखवून आपण उपाहारगृहाकडे वळतो. ते दोन मैल पुढे जाणारे मला फार थोडे भेटले.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो घेणारे अडाणी नसतात. ‘डॉक्टरसाहेब, मुलाच्या डोक्यावर वीस-पंचवीस लाखांचे कर्ज आहे. त्याने ग्रंथालयात बसावे की काम करून भाडे भागवावे?’ हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. व्हिसाच्या अटीनुसार सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येते, आणि बहुतेक मुलांना ते करावेच लागते. ज्याला रात्री दोन वाजेपर्यंत गोदामात खोकी उचलायची आहेत, त्याला वाचनाचे महत्त्व ऐकविणे मला क्रूरपणाचे वाटते. माझे म्हणणे उलट आहे. ज्याच्याकडे वेळ थोडा, त्यालाच ग्रंथालयाची अधिक गरज आहे. पाच तास चाचपडून जो लेख सापडत नाही, तो ग्रंथपाल पाच मिनिटांत काढून देतो. अनेक विद्यापीठांची ग्रंथालये सत्रकाळात चोवीस तास उघडी असतात. बहुसंख्य नियतकालिके घरबसल्या संगणकावर वाचता येतात. एखादा ग्रंथ संग्रहात नसेल तर तो दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून मिळतो. ‘स्कोनल अ‍ॅक्सेस’ या व्यवस्थेखाली दुसऱ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातही जाता येते. या सर्वांचे पैसे विद्यार्थ्याने भरमसाट शुल्काच्या रूपाने आधीच मोजलेले असतात. खानावळीचे पैसे आगाऊ भरून रोज बाहेर वडापाव खाणाऱ्यास आपण काय म्हणू?

मात्र पदवी आणि नोकरी एवढ्यापुरताच हा विषय आहे असे मी मानत नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी असलेली ही शिष्यवृत्ती. या कसोटीवर बाबासाहेबांचा प्राचीन भारतीय व्यापारावरील १९१५ चा एम.ए.चा प्रबंध बाद ठरला असता आणि १९१६ मध्ये कोलंबियात वाचलेला जातिसंस्थेवरील निबंधही. यासमोर सयाजीराव महाराजांचे धोरण ठेवून पाहावे. १९१३ साली बाबासाहेबांना अमेरिकेस पाठविणाऱ्या या राजाने १९१० मध्येच विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणून संस्थानभर मोफत वाचनालयांची योजना हाती घेतली होती. विद्यार्थी पाठविणाऱ्याला ग्रंथालयाची किंमत कळत होती.

आता आपल्या इतिहासावर संशोधन करण्यास सरकार पैसे देत नसेल, तर तो इतिहास वाचायचा कुणी? इंडिया ऑफिसच्या दप्तरात मुंबई इलाख्याचा कारभार आहे, सैन्याची दप्तरे आहेत, गोलमेज परिषदांचे कागद आहेत, देशी वृत्तपत्रांवरील सरकारी अहवाल आहेत. ब्रिटिश म्युझियमने तर १८९२ सालीच आपल्या मराठी आणि गुजराती छापील पुस्तकांची सूची प्रसिद्ध केली होती. एवढी मराठी पुस्तके तेव्हाच येथे जमली होती. संगणकशास्त्र किंवा औषधनिर्माण शिकायला आलेल्या मुलालाही वर्षभरात चार शनिवार काढून हे पाहता येईल. शिष्यवृत्तीला विषयाचे बंधन आहे; वाचकपत्राला नाही.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्याच्या हातात असते, तिचा वापर जवळजवळ कुणीच करीत नाही. बहुतेक विद्यापीठांची ग्रंथालये विद्यार्थ्यांकडून नव्या पुस्तकांच्या मागण्या स्वीकारतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड प्रकाशित करण्यास आरंभ केला. ते आपल्या विद्यापीठाच्या कपाटात आहेत का, हे आपल्यापैकी किती विद्यार्थ्यांनी पाहिले? नसतील तर एक अर्ज भरावा. आपण जयंतीला सभागृहाच्या भाड्यासाठी आणि ध्वनिक्षेपकासाठी वर्गणी काढतो. त्यातील थोडी रक्कम या खंडांसाठी बाजूला काढण्यास कुणाची हरकत असेल असे मला वाटत नाही.

माझी सूचना साधी आहे आणि कार्यकारिणीपुढे ती मी मांडलीही आहे. नव्या विद्यार्थ्याला घरी जेवायला बोलावण्याची प्रथा आहेच; तिला जोडून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्यापैकी एकाने त्याच्याबरोबर त्याच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयापर्यंत जावे. आत सोडत नसतील तर दारापाशी थांबावे. त्याने विषयाच्या ग्रंथपालाची भेट ठरविली की मगच परतावे. या कामाला आपल्या येथेच वाढलेल्या मुला-मुलींनी पुढे यावे, हे अधिक चांगले. त्यांना खिडकीची भीती ठाऊक नाही. ग्रंथपालाशी ते जसे बोलतात, तसे बोलायला आपल्या पिढीला फार उशिरा जमले. बदल्यात गावाकडून आलेला विद्यार्थी त्यांना मराठी पुस्तक वाचून दाखवील.

दुसरे, लंडन आणि परिसरातील विद्यार्थ्यांना नोव्हेंबरमधील एका शनिवारी एकत्रितपणे ब्रिटिश लायब्ररीत न्यावे. वाचकपत्रास पैसे पडत नाहीत. ओळखीचा पुरावा, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि सही लागते. हे कागद बरोबर घ्यावेत, नाहीतर हेलपाटा पडतो. कोट आणि पिशव्या तळघरातील कपाटात ठेवाव्या लागतात. भारतविषयक दप्तराचा वाचनकक्ष तिसऱ्या मजल्यावर आहे. तेथे शाईचे पेन चालत नाही, फक्त पेन्सिल चालते. पेन्सिली मी घेऊन येईन.